मोराचा पंचनामा

“आत्या, ते फराळात ठेवू नको. खायचं नाहीये ते.”

“मग रुखवतात आणलंस कशाला?” असं म्हणत बेबीआत्यांनी ती झाकणाची मोठी काचेची बशी अनारसे आणि कानवल्यांच्या मधोमध रेटून बसवली. “खरवसासारखं तर दिसतंय.”

“चायना ग्रास आहे. त्याच्यावर जिवाणू वाढवलेत.”

“चायना ग्रास खात्यातच की! माझ्या जावेनं सत्यनारायणाला केलं होतं.”

नवरीच्या अंगाला हळद होती, डोक्याला पंचा गुंडाळलेला होता आणि वाद घालायला वेळ नव्हता. तिने आपल्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी बशीला टेकवून ठेवली आणि ती न्हाणीघराकडे पळाली. मी दारात चाव्यांचा जुडगा घेऊन उभा होतो. मला वाटलं, फराळात की विणकामात, काय फरक पडतो? पुढचा सगळा ताप त्या दोन हात अंतराने झाला.

कराडमधल्या एका मंगल कार्यालयाचा मी तेव्हा व्यवस्थापक होतो. या नोकरीत माणसं फार स्वस्तात कळतात. कोण आल्याबरोबर पंख्याखालची खुर्ची धरतं, कोण आहेराचं पाकीट देताना नाव मोठ्याने सांगतं, कोणत्या बाजूची मंडळी “आम्हाला काही नको” म्हणून पहिल्या पंगतीला बसतात, हे सगळं मी मनातल्या मनात जमा-खर्चाला मांडत असे. रुखवताबद्दल तर बोलायलाच नको. ते माझ्याच कपाटातलं असायचं. लोकरीचा कुत्रा, मण्यांचा गणपती, क्रोशाचं तोरण, काड्यापेटीची बैलगाडी. सोबत ‘चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केले’ अशा पाट्या, नावाची जागा कोरी. तालुक्यातल्या निम्म्या सुनांनी तो एकच कुत्रा विणलेला आहे. दोन्हीकडच्या बायकांना हे ठाऊक असतं आणि तरी दोन्हीकडच्या बायका त्याच्यापुढे उभ्या राहून “काय हात आहे पोरीचा!” म्हणतात.

त्या दिवशीची नवरी विभावरी कणसे. तिचे वडील शंकरराव बँकेतून निवृत्त झालेले, आवाज न करता बोलणारे गृहस्थ. आई लहानपणीच गेलेली, म्हणून लग्नाचा कारभार बेबीआत्यांकडे. मुलीने जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली होती. लग्नानंतर महिनाभरात रुजू व्हायचं होतं. नवरा विट्याचा, अजिंक्य मुळीक. त्यांची कोइमतूरला सोनं गाळायची भट्टी. बैठकीत दोन गोष्टी ठरल्या होत्या. सून पुण्याला जाईल, हे मुळीकांनी मान्य केलं. सुनेचं नाव बदलून अक्षता ठेवायचं, हे कणशांनी मान्य केलं. हातरुमालांवर आणि भिंतीवरच्या थर्माकोलवर ‘अजिंक्य-अक्षता’ असंच छापून आलं होतं. थर्माकोलवाल्याने मला विचारलं होतं, “नवरीचं नाव विभावरी सांगितलेलं ना?” मी म्हटलं, “दुपारपर्यंत.”

तर अशा त्या सकाळी, मुहूर्ताला बराच अवकाश असताना, डुबल साहेब आले. जिल्ह्याच्या एका कचेरीत अधिकारी, कणशांचे शेजारी, घरचे म्हणून लवकर आलेले. चांगला माणूस. फक्त नुकताच पुण्याला एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आला होता. सरकारी माणूस प्रशिक्षण घेऊन आला की नव्या बुटांसारखा असतो, कुठे तरी चालून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

साहेबांनी चहा घेतला आणि वेळ घालवायला ते रुखवत बघत निघाले. कुत्र्याचं कौतुक केलं. बैलगाडीचं केलं. मग फराळापाशी वाकले, चष्मा सारखा केला आणि बशीची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली.

“पिसाळ,” ते मला म्हणाले, “दार लावा.”

“काय झालं साहेब? मुंग्या लागल्या का?”

“दार लावा आधी. आणि हिला बोलवा.”

मी चिठ्ठी वाचली. ‘मोर. जनुक बदललेल्या जिवंत जिवाणूंनी काढलेला. घरी केला. झाकण उघडू नये. - विभावरी.’ मला त्यात एकच गोष्ट खटकली, ती म्हणजे पाटी माझ्या कपाटातली नव्हती.

विभावरी आली. अंगावर अष्टपुत्री, केस ओले. मागोमाग शंकरराव आणि बेबीआत्या.

“हे तू केलंस?” साहेबांनी विचारलं.

“हो काका.”

“काका म्हणू नकोस आता. म्हणजे, म्हण, पण मी इथे काका म्हणून उभा नाही. कशात काय घातलंस?”

“साधे जिवाणू आहेत, काही रोगबीग होत नाही त्यांच्याने. एका समुद्रातल्या प्राण्याचं जनुक त्यांच्यात घातलं की ते निळ्या उजेडात हिरवे चमकतात. त्याचं किट पार्सलने मागवता येतं. माझं ते आधी तीनदा फसलं, मग जमलं.”

“घरी?”

“मागच्या खोलीत.”

“आणि त्या खोलीच्या पलीकडे माझं स्वयंपाकघर!” साहेबांच्या आवाजात पहिल्यांदा खरी कळकळ आली. “एकोणनव्वद सालचे नियम आहेत यावर. परवानगीशिवाय बनवायचं नाही, बाळगायचं नाही, हलवायचं नाही. पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पोरी! आणि ते तुम्ही कानवल्यांच्या शेजारी मांडलंय!”

“मी म्हटलं होतं फराळात नको,” विभावरी म्हणाली.

“मला काय ठाऊक!” बेबीआत्या उसळल्या. “तिथं क्रोशाचा रुमाल होता, खाली डाग पडला असता.”

“परवानगी का नाही घेतलीस?”

“कोणाकडून घ्यायची ते सांगा. दोन कचेऱ्यांत जाऊन विचारलं मी. एका ठिकाणी म्हणाले, बियाण्याचं लायसन आहे का? दुसऱ्या ठिकाणी सातबारा मागितला.”

“जिल्ह्याची समिती असते त्याला.”

“कुठे भरते?”

साहेबांनी चष्मा पुसला. “अजून बसलेली नाही. पण आहे.”

इथे खरं तर प्रकरण मिटायला हवं होतं. न बसलेल्या समितीच्या वतीने एका शेजाऱ्याने एका पोरीला दम भरला, बशी फेकून दिली, चला जेवायला. पण दमाची आणि कागदाची जात वेगळी. साहेबांनी कागद मागितला. मी म्हटलं, “साहेब, लग्न आहे.” ते म्हणाले, “म्हणूनच. शेकडो माणसं येणार. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर बासुंदीला कोणी विचारणार नाही. डुबल तिथे होता, त्याने बघितलं आणि गप्प बसला, हेच बाहेर येणार.”

हे मात्र पटण्यासारखं होतं. बासुंदीचा मला स्वतःलाच भरवसा नव्हता.

“जप्त करतो आणि घेऊन जातो,” साहेब म्हणाले.

“तुमच्याकडे हलवायची परवानगी आहे?” विभावरीने विचारलं. उद्धटपणाने नाही. परीक्षेत शंका विचारतात तसं.

साहेब लोकरीच्या कुत्र्याशेजारी खुर्चीवर बसले. “नाही,” ते म्हणाले. “मी नेलं तर मीच सापडतो. इथे ठेवलं तर पिसाळ सापडतो.”

“माझा काय संबंध?” मी.

“जागा तुमच्या ताब्यात. विट्याला गेलं तर जिल्हा बदलतो, मग दोन जिल्हे. नाही, इथल्या इथेच नष्ट करायचं. रीतसर पंचनामा करून. पंच म्हणून तुम्ही आणि... दुसरं कोण आहे मोकळं?”

लग्नघरात मोकळं कोण असतं? तेवढ्यात दारावर थाप पडली आणि मुळीकबाई आत आल्या, नवऱ्या मुलाच्या आई. अंगावर जरीची साडी आणि दागिने असे, की गाळणाऱ्याच्या घरी सोनं उरतं हे लांबून कळावं. मागे चार बायका होत्या, त्यांना मी बाहेरच अडवलं.

“रुखवत बघायचं म्हणून आलो, तर दार लावलेलं! काय चाललंय?” मग सुनेकडे बघून, “आणि ही अजून शालूत नाही?”

साहेबांनी सांगितलं. एवढ्या सरकारी मराठीत सांगितलं की बाईंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मला मध्ये पडून सोपं करावं लागलं. “वहिनी, पोरीनं घरी एक प्रयोग केलाय, त्याला परवानगी लागते, ती नव्हती. आता कागदावर नोंद होणार.”

“नोंद म्हंजे? पोलीस?”

“पोलीस नाहीत. पण नाव लागणार.”

तेव्हा शंकरराव बोलले. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. “साहेब, पोरीची पुण्याची जागा जाईल. अशा बाबतीत नाव आलेलं माणूस ते घेत नाहीत. तिनं दोन वर्षं अभ्यास केलाय त्या जागेसाठी.”

विभावरी बशीकडे बघत होती. काचेखाली पिवळट थरावर मोराचा नुसता मळकट आकार दिसत होता. खरं सांगायचं तर माझ्या कपाटातला मण्यांचा मोर जास्त देखणा होता.

मुहूर्त काही थांबत नाही. मला संध्याकाळी दुसरी पार्टी होती. शिवाय पोर बरी होती, येता-जाता माझ्या आचाऱ्यालाही ‘दादा’ म्हणणारी. मी डोकं लढवलं.

“साहेब, कशाला एवढं? रुखवत सगळं भाड्याचं आहे. माझ्याकडचं. ही बशीपण त्यातलीच समजा. मुलीनं केलेलं नाहीच.”

शंकररावांनी माझ्याकडे असं बघितलं की मला देव झाल्यासारखं वाटलं. ते फार टिकलं नाही.

“भाड्याचं? कोणाकडून?” साहेब.

“माझ्याकडून.”

“मग बाळगणारा म्हणून तुमचं नाव घालतो. पिसाळ ना? पूर्ण नाव सांगा.”

मी बशी पुन्हा नीट निरखली आणि म्हणालो, “नाही, ही बशी माझ्यातली दिसत नाही.”

पण नुकसान व्हायचं ते झालं होतं. “सगळं भाड्याचं?” मुळीकबाईंनी बेबीआत्यांना विचारलं. “त्यो कुत्रा बी?”

“आवं, हल्ली सगळीच आणत्यात...”

“मी आत्ता बाहेर माझ्या जावेला सांगून आले, तोरण सुनेनं विणलंय म्हणून! म्हंजे ह्या एवढ्या पसाऱ्यात पोरीनं स्वतः केलेलं काय, तर तेवढी बशी? आणि तीच बेकायदा?”

हिशेब बरोबर होता.

पण मुळीकबाई मुळात धंद्यातल्या घरच्या. चिडल्या तरी त्यांचं डोकं चालू असे. त्या साहेबांपुढे येऊन उभ्या राहिल्या. “साहेब, नावच पायजे ना तुमच्या कागदाला? मग आमच्या घरचं घाला. अक्षता अजिंक्य मुळीक. घटकाभरात लग्न लागलं की तेच नाव हाय तिचं. पुण्याच्या कागदावर विभावरी कणसे. तुमच्या कागदावर अक्षता मुळीक. त्या दोघींची गाठ पडायचं कारणच काय?”

मी आयुष्यात फार लग्नं बघितली, पण इतकी सुरेख पळवाट बघितली नाही. शंकररावांनी डोळे मिटले. बेबीआत्या म्हणाल्या, “बघा! शेवटी सासूच उपयोगी आली.” साहेबांनीसुद्धा पेन गालाला लावून विचार केला. त्यांनाही शेजाऱ्याच्या पोरीचं वाटोळं नकोच होतं, त्यांना फक्त कागद हवा होता.

“बसतंय,” ते म्हणाले. “लग्नाच्या दिवशीचा पंचनामा, लग्नाचं नाव. कोणी चूक म्हणू शकणार नाही. खोटं म्हणता येत नाही आणि सापडतही नाही.” त्यांनी लिहायला घेतलं. करणाराचे वर्णन, ठिकाण, वस्तू. वस्तूच्या रकान्यात ‘मोर (१)’ असं लिहिलं. मग पेन थांबवलं. “प्रशिक्षणात सांगितलंय, नाव ज्याचं त्याच्या तोंडून घ्यायचं. नुसतं रीतीपुरतं. बोल पोरी. नाव काय?”

आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मुळीकबाईंनी तर ओठ हलवून पहिलं अक्षर सुचवलंसुद्धा, अ.

विभावरीने ओला पदर सारखा केला. मग म्हणाली, “विभावरी शंकर कणसे.”

“अगं!” बेबीआत्या.

“नीट ऐकलं नसशील तू,” मी म्हणालो. “साहेबांना दुसरं नाव चालणार आहे.”

“ऐकलं मी.”

“जागा जाईल तुझी!”

“माहितीये, भाऊ.” आणि साहेबांना तिने पुन्हा हळू सांगितलं, लिहून घेणाऱ्याला सांगतात तसं, एकेक शब्द तोडून. “विभावरी. शंकर. कणसे.”

मला इतका संताप आला होता की बोलायची सोय नाही. माणूस बुडत असतो, तीन जण काठावरून दोर टाकतात आणि हा बुडणारा म्हणतो, दोराचा रंग बरोबर नाही! शिकलेल्या मुलींचं हेच, असं मी मनात म्हटलं. जिथं खरं बोलून कोणाला दमडीचा फायदा नाही नेमकं तिथंच खरं बोलायचं. मुळीकबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जसं बाजारात सोन्याची नवी चीप हातात घेऊन तिचं वजन अंदाजतात.

साहेबांनी लिहिलं. मी सही केली. दुसरा पंच म्हणून मुळीकबाईंनी सही केली, कारण बाकीचे सगळे मुलीचे नातेवाईक. सासूने सुनेच्या पंचनाम्यावर सही केल्याचं हे एकच उदाहरण माझ्याकडे आहे.

“आता नष्ट करा,” साहेब म्हणाले.

पाण्याच्या टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर माझ्याकडे होती. विभावरीने बादलीत ती कालवली. बशी उचलली तेव्हा मुळीकबाई म्हणाल्या, “थांब. चमकतं म्हणतीस, तर टाकायच्या आधी दाखव तरी. सही केलीय मी, कशावर केली ते कळू दे.”

साहेब म्हणाले, “प्रात्यक्षिकाची तरतूद नाही.”

“तुम्ही डोळं मिटा.”

मी ट्यूबा बंद केल्या, खिडक्या लावल्या. विभावरीने पिशवीतून निळी बॅटरी काढली आणि बशीवर धरली. मळकट आकार गेला आणि काचेत हिरवा मोर उभा राहिला, पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा, तिने काडीने टिंब टिंब देत काढलेला. कडेला जरा फिस्कटला होता, तिथेही चमकत होता. साहेबांनी डोळे मिटले नव्हते.

“हे तोरणापेक्षा बरं हाय,” मुळीकबाई अंधारात म्हणाल्या.

मग विभावरीने झाकण काढलं आणि बशी बादलीत उलटी केली. हळदीच्या हातांनी, तोंड वळवून, वास लागू नये म्हणून. साहेबांनी ‘समक्ष नष्ट केले’ असं लिहिलं. मी ट्यूबा लावल्या आणि ओरडलो, “चला, शालू नेसवा हिला! भटजी माईकवर दोनदा खाकरलेत!”

लग्न वेळेवर लागलं. मंगलाष्टकांत ‘अक्षता’ शब्द आला की मी उगाच नवरीकडे बघत होतो. पंगती बसल्या. डुबल साहेबांना मी स्वतः वाढलं, बासुंदीसकट. कागदाची घडी त्यांनी वरच्या खिशात ठेवली होती आणि ती बाहेरून दिसत होती.

खरी गंमत पुढे आहे. नाव बदलायचा विधी पूर्वी मुलाच्या घरी लक्ष्मीपूजनाला व्हायचा. हल्ली घरी पोचायला उशीर होतो म्हणून हॉलवरच उरकतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. स्टेजवर ताट आलं. फोटोवाला खुर्चीवर चढला. भटजींनी माईकवरून सांगितलं, “आता वधूचे नामकरण. सौभाग्यवती अक्...”

“थांबा! ओ, थांबा! लिहू नका!”

डुबल साहेब पंगतीतून उठून पळत येत होते. उजवा हात आमटीने भरलेला, कोपरापर्यंत वर धरलेला.

“काय झालं साहेब?” मुळीकबाई.

“नाव बदलता येणार नाही. मला आत्ता, जेवताना सुचलं. माझ्या पंचनाम्यात बाई आहे विभावरी कणसे. त्यावर दुसऱ्या पंच म्हणून तुमची सही. आणि दोन तासांत त्याच बाईचं नाव तुम्हीच बदलणार, शेकडो माणसांपुढे, माझ्या हजेरीत, फोटो काढून! उद्या कोणी म्हणालं की डुबलनं ओळख लपवायला मदत केली, तर माझी नोकरी जाईल.”

“आवं, हे ताटातलं नाव! घरातलं. सरकारचा काय संबंध?”

“पंच आहात तुम्ही. तुम्हीच सांगा.”

मुळीकबाईंनी पदर सावरला. पंच म्हणवून घेतल्यावर माणूस जरा ताठ होतो, हे मी बघितलेलं आहे. “मग बदलायचं कधी?” त्यांनी विचारलं.

“समितीचा निकाल लागला की.”

“समिती कधी बसती?”

साहेबांनी आपल्या भरल्या हाताकडे बघितलं. आमटीचा एक थेंब कोपरावरून स्टेजच्या गालिच्यावर पडला, आणि तो गालिचा मी आदल्याच आठवड्यात धुवून आणला होता.

अजिंक्य ताटापुढे अंगठी धरून बसला होता. बिचारा दिवसभर लोक सांगतील तिथे उठत-बसत होता. तो आईला म्हणाला, “मग काय लिहू?”

सगळा मांडव ऐकत होता. विट्याची मंडळी, कराडची मंडळी, पेढ्यांचे खोके घेतलेली पोरं. मुळीकबाईंनी एकदा भिंतीवरच्या थर्माकोलकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

“हाय तेच लिही,” त्या म्हणाल्या. मग विट्याच्या मंडळींकडे वळून मोठ्याने, “सरकारी काम हाय. आपल्या हातात काय न्हाई.”

अजिंक्यने तांदळात ‘विभावरी’ लिहिलं. ‘भा’चा काना ताटाबाहेर गेला. मी बघत होतो, नवरीने खाली मान घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता कळलं हिला, आता रडतेय. इतकं चांगलं नाव मिळत होतं, इतकी सोपी सुटका होती. आता बस रडत.

पुण्याची जागा गेली. संस्थेने खुलासा मागवला, तिने खरा दिला, त्यांनी ‘निकालानंतर विचार करू’ असं कळवलं आणि जागा पुढच्या मुलाला दिली. हे मला शंकररावांनी सांगितलं. दोन वर्षांनी तिला दुसरीकडे काम मिळालं, जिथे रीतसर परवानगी आणि रीतसर समिती होती म्हणे. डुबल साहेब बदलून गेले, नंतर निवृत्त झाले. जिल्ह्याची समिती बसली की नाही, मला ठाऊक नाही. मुळीकबाई विट्यात सांगत असत, “आमच्या सुनेच्या नावाला सरकारी मनाई हाय, धक्का लावता येत न्हाई,” आणि हे त्या ठेवणीतला दागिना दाखवावा तशा सांगत, असं ऐकलं.

बऱ्याच वर्षांनी विभावरी बेबीआत्यांच्या नातीच्या लग्नासाठी हॉल बघायला आली. केस थोडे पिकलेले, हातात गाडीची चावी. मी अजून तिथेच होतो. चहा मागवला. आचारी बदलला होता, चहा तसाच वाईट होता. इकडचं तिकडचं झालं आणि मला राहवेना. एवढी वर्षं ती गोष्ट जमेला मांडायची की खर्चाला, ते मला कळत नव्हतं.

“एक विचारू का?” मी म्हटलं. “त्या दिवशी तुझ्या सासूनं एवढी सोन्यासारखी वाट काढून दिली होती. साहेब तयार, वडील तयार. एक शब्द बोलायचा होता फक्त. का नाही बोललीस? नाव वाचणार होतं म्हणून? साहेब ताटावरून धावत येणार हे तुला ठाऊक होतं?”

ती हसायला लागली. खांदे हलवत, आवाज न करता. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी स्टेजवर ती रडत नव्हती.

“ते कोणाला ठाऊक असणार, भाऊ! डुबलकाकांनाच आमटी वाढेपर्यंत ठाऊक नव्हतं.”

“मग?”

“लग्न ठरल्यापासून मी सगळ्यांना सांगत होते, नाव नको बदलायला. बाबा म्हणाले, बैठकीत कबूल केलंय. आत्या म्हणाली, सवय होते. अजिंक्य म्हणाला, आईला कोण सांगणार? तुम्ही थर्माकोलवाल्याला ‘दुपारपर्यंत’ म्हणालात, ते मी ऐकलं होतं.” मी चहात बघितलं. ती पुढे म्हणाली, “जागा जाणार हे कळत होतं मला. भीतीही वाटत होती. पण तोवर जो तो मला माझं नाव सांगत होता, भाऊ. त्या एका माणसाने पेन उघडून विचारलं.”